वजन

एरवी मार्चात माझी थैली हलकी असते.
बियाणांचे कॅटलॉग, विजेची बिलं,
फ्लोरिडात हिवाळा काढणाऱ्यांची दोनचार पोस्टकार्डं.
यंदा पहाटे ट्रक आला
आणि मागच्या दाराशी सोळा पेट्या उतरवून गेला.
जाड, गुळगुळीत, ताटाएवढी कार्डं.
टॅमरॅकच्या टाउन बोर्डाच्या दोन जागांसाठी.
मतदार नऊशे चौदा.

खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
'उद्याच्या विस्कॉन्सिनचे नागरिक'.
हे नागरिक गावात कुणी पाहिले नव्हते.
पत्ता डेलावेअरमधल्या एका टपालपेटीचा.
तीस वर्षं टपालात आहे मी,
पेटीत कुणी राहत नसतं.

गावाच्या पश्चिमेला टेकड्या.
त्यांच्या पोटात वाळू, गोल दाण्याची, साखरेसारखी.
ती टेक्सासच्या तेलविहिरींना हवी आहे,
आणि ज्याला ती विकायची आहे
त्याचे पैसे मोजणारी माणसंच म्हणे
आमच्या गावाहून जास्त आहेत.
म्हणतात. मी नाही मोजली.
मी टपाल मोजते.
सोळा पेट्या, चारशे अकरा पौंड.
उजवा खांदा अजून ठणकतो.

वर्दीत असताना आम्हाला मत नसतं.
म्हणून मी काही बोलले नाही,
फक्त दारोदार गेले.

"प्रिय डेलमर," कार्ड म्हणायचं,
"तुमचं भविष्य तुमच्याच हाती आहे."
डेलमर ओस्टबी नोव्हेंबरातच गेला.
जमीन गोठायच्या आत पुरला त्याला,
अर्धं गाव होतं.
त्याची आर्डिस रोज दारात येऊन कार्ड घेते,
उलटवते, पत्त्याशेजारची दोन बोटं कोरी जागा शोधते
आणि लिहिते: दूध. खिळे. मांजराचं औषध.
"याला त्याचं नाव ठाऊक आहे," एकदा म्हणाली,
"बाकी काहीच ठाऊक नाही."

शनिवारी लूथरन चर्चच्या तळघरात दिवे दिसले.
शाळेची बस चालवणारी पा हौआ वांग,
तिची सासू, जिला इंग्रजी वाचता येत नाही
पण तिकिटं सरळ चिकटवता येतात,
दूधवाले दोघे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे.
कर्टिस भांडून बाहेर पडला:
माझ्या पोराला खाणीत काम मिळालं असतं,
ते तुम्ही देणार का?
कुणाकडेच उत्तर नव्हतं.
थोड्या वेळाने तो कॉफीसाठी परत गेला.

सोमवारी माझ्या खिडकीत सहाशे चाळीस पोस्टकार्डं.
निळी शाई, काळी शाई, एक हिरवी.
शुद्धलेखन देवाच्या भरवशावर.
वाचू नये, पण पोस्टकार्ड उघडंच असतं:
'विहिरीचं पाणी प्यायला या. लाल कोठाराच्या मागे.
कुत्रा भुंकतो, चावत नाही.'
काट्यावर ठेवली.
साडेचार पौंडही भरली नाहीत.

दोन्ही टपालं मी त्याच थैलीतून नेली,
त्याच पेट्यांत, त्याच हाताने.
नियमच तसा आहे,
आणि मला तो पहिल्यांदाच आवडला.

एप्रिलच्या मंगळवारी चिखल होता.
अग्निशमन बंबाशेजारच्या टेबलावर
रात्री मतपत्रिका मोजल्या, हाताने.
तिथे काटा नव्हता.
एक जागा सात मतांनी आली.
दुसरी गेली. मोठ्या फरकाने गेली.
टाळ्या वाजवाव्यात की नाही
हे कुणाला कळेना, मग खुर्च्या आवरल्या.

गुरुवारी पुन्हा ट्रक.
पुढच्या वर्षीची कार्डं, आत्ताच.
"प्रिय डेलमर, आपला लढा संपलेला नाही."
आर्डिसने ते उलटवलं,
चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"यावेळी जागा कमी सोडलीय गं," म्हणाली.
"बारीक लिहावं लागेल."
आणि दाराच्या चौकटीला कार्ड टेकवून
पेन्सिल ओली केली.