सध्या नाही

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात
मी हिशेब बघते. प्रोग्रॅमिंग मला येत नाही.
पण कोड न लिहिताही ॲप बनतं म्हणे,
चौकटी ओढायच्या, सोडायच्या,
तर दिवाळीच्या सुट्टीत मांडीवर लॅपटॉप घेऊन
स्टोअरसाठी एक बांधलं.

चौदा रकाने. सगळ्यांपुढे लाल चांदणी:
भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
मागे निळ्यातून जांभळ्यात विरघळणारा रंग
आणि बटणावर "सादर करा",
जणू स्टोअरकीपर नाटकच करणार आहे.

जशुभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, फोन लांब धरला,
म्हणाले, सरस छे, वैजूबेन.
मी खूश.

महिन्याअखेर तक्ता उघडला, तर
ठिपके.
हेतू: ठिपका. विभाग: ठिपका. शेरा: ठिपका, कधी दोन.
दोनशे बारा ओळी,
रांगोळीला बसावं एवढे ठिपके,
आणि चोवीसचा पाना कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

मग स्टूल घेऊन स्टोअरच्या खिडकीपाशी एक दिवस बसले.
हे दिवाळीआधी करायचं होतं.

बोटांना ग्रीस. एक बटण दाबलं की शेजारचंही दबतं.
पत्र्याखाली नेटवर्क नाही,
आहे ते वजनकाट्याजवळ, वीतभर जागेत.
"समायोज्य पाना" कुणी मागत नाही,
मागतात "पेलुं मोटुं पानुं".
आणि जशुभाईंच्या वहीत तीनच गोष्टी:
बाण बाहेर किंवा बाण आत,
वस्तू,
माणूस.
एकवीस वर्षं कारखाना त्यांवर चालला होता.

दुसऱ्या खेपेला मी नुसती खोडत बसले.
चौदाचे तीन.
शेरा काढताना जीव तुटला, तो मला फार आवडायचा.
दोन बटणं, अंगठ्याहून मोठी, मध्ये भरपूर मोकळं:
नेलं. आणलं.
नाव यादीतूनच निवडायचं,
नाहीतर एकटा फिरोज चार स्पेलिंगांत चार माणसं होतो.
लाल-हिरव्यावर भिस्त नाही, कारण
पॅकिंगच्या किरीटला दोन्ही मातकटच दिसतात,
त्यानेच सांगितलं, लाजत, कुणी नसताना.
नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्येच थांबते,
वजनकाट्याजवळ पोचली की निघते.
साहेब म्हणाले, कोण किती वेळ लावतो तेही दिसू दे.
ते केलं नाही.
विचारलं तर सांगते, मला येत नाही.

मार्चमध्ये ठाकोरभाई टर्नर गेले.
निवृत्त नव्हे. गेले.
यादी नीट असावी म्हणून मी त्यांची ओळ पुसली.
ॲपने विचारलं, नक्की?
त्याने एवढंच विचारलं. मीही तेवढंच उत्तर दिलं.

सोमवारी पाहिलं तर पाच महिन्यांतून
एक माणूस उठून गेलेला.
कुणी नेलं: कोरं. कुणी आणलं: कोरं.
मायक्रोमीटर रोज सकाळी आठ दहाला
कुणाच्याच हातात न बसता लेथपर्यंत गेला होता
आणि सुट्टी व्हायच्या आत परत आला होता.

जशुभाई काही बोलले नाहीत.
कपाटातून वही काढून माझ्यापुढे सरकवली.
तिथे ठाकोरभाई होते. पानभर. बाण आत, बाण आत.

शुक्रवारचा बॅकअप होता, नशीब.
नाव परत आणलं, आणि यादीला एक चौकट जोडली,
खूण करायची किंवा नाही करायची, एवढीच.
तिला काय म्हणावं यात अर्धा तास गेला.
"निष्क्रिय" लिहिलं. खोडलं.
"बंद" लिहिलं, माणूस काय पंप आहे.
शेवटी लिहिलं: सध्या नाही.

आता नवा मुलगा मायक्रोमीटर मागतो
तेव्हा यादीत ठाकोरभाई येत नाहीत.
जुनी ओळ उघडली की येतात.

जशुभाईंना दाखवलं.
बराच वेळ पाहिलं त्यांनी, चष्मा लावून,
मग म्हणाले, बेन,
अक्षर थोडुं मोटुं करो ने.