चौदाचे आठ

रायबंदरच्या धक्क्यावरून सकाळची फेरी,
मांडीवर लॅपटॉप, पायाशी कुणाची तरी बांधलेली कोंबडी
आणि डोक्यात एकच आकडा.

चौदा अक्षरं किमान.
त्यात एक मोठं, एक अंक, एक ती वाकडी खूण.
दर महिन्याला नवा शब्द, मागचे बारा चालणार नाहीत.
नियम मीच लिहिला होता,
पणजीच्या एका ऑडिटरची डावी भुवई
जेवणाआधी जरा वर गेली म्हणून.

चोडणच्या पतसंस्थेत संगणक सहा, माणसं नऊ.
वर्षभरात मला सापडलेले परवलीचे शब्द:
सुलक्षाचा काउंटरच्या काचेखाली, लक्ष्मीच्या फोटोला टेकून.
कायतान फुर्तादोंचा कॅलेंडरच्या मागे,
पेन्सिलने, म्हणजे खोडता येईल असा.
एक वीजबिलांच्या फाइलीत.
आणि एक चक्क मॉनिटरच्या कपाळावर,
टिकलीसारखा.

किल्ली जितकी लांब
तितका दाराशेजारचा खिळा मोठा.

तरीही मी गप्प होतो. नियम म्हणजे नियम.
मग त्या सोमवारी सुलक्षाचं बोट तिसऱ्यांदा चुकलं
आणि दार अर्ध्या तासासाठी बंद.
समोर विमल दिवकर, मुलीच्या फीसाठी आलेली,
भरायचा शेवटचा दिवस, दहाची फेरी गाठायची.
पैसे तिचे. खातं तिचं.
विसरलेलं अक्षर भलत्याचंच.
ती भांडली नाही. पदराने मान पुसली,
आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली.
फेरीचा भोंगा वाजला तेव्हाही तशीच.

शाणू वळवईकर वसुलीला फिरतो.
त्याच्या बापाने जन्मभर खाजनातली मानस राखली,
भरती आली की दार लागतंय ना बघायचं,
खारं पाणी कोरगुटात शिरू द्यायचं नाही.
चहा ओतता ओतता मला म्हणाला,
‘फळी उंच घातली म्हणून शेत वाचत नाही, बाब.
कुर्ल्या तळातून बांध पोखरतात.’
आणि काचेखालच्या चिठ्ठीकडे नुसतं पाहिलं.

त्याच दुपारी.
एक ओळ. चौदा खोडलं, आठ लिहिलं.
महिन्याची अट काढली.
गावाचं नाव, देवाचं नाव, एक-दोन-तीन-चार
तेवढं मात्र नको म्हणून सांगून ठेवलं यंत्राला.
काही झालं नाही. पंखा फिरत राहिला.
बाहेर पोदेराने पों केलं.

रात्री मात्र मला बांध फुटल्याचा आवाज आला, दोनदा.
उठून पाणी प्यालो.

आता काच स्वच्छ आहे, लक्ष्मी एकटीच.
टिकली निघाली, गोंदाचा डाग राहिला.
कुणी काय शब्द ठेवले मला दिसत नाहीत.
माझ्यापर्यंत येईतो त्यांचं ताक झालेलं असतं
आणि ताकाचं दूध मलाही करता येत नाही.
पण सुलक्षा हल्ली टाइप करताना किंचित हसते.
त्या आठांत कुणीतरी राहत असावं.

शाणूने बदललाच नाही.
एका बोटाने अजून तेवढाच वेळ टकटक.
‘अरे, लहान कर ना आता.’
‘आता पाठ झालाय,’ म्हणाला, ‘कशाला मोडू?’

संध्याकाळची फेरी. मांडवी तांबूस, गढूळ.
विमलबाईंच्या मुलीला दंड किती बसला
ते मी अजून विचारलेलं नाही.

आणि हो, माझा स्वतःचा, साऱ्या यंत्राचा मालकी शब्द:
बावीस अक्षरं. कुणासाठी शिथिल केलेला नाही.
तो पाकिटात आहे, जुन्या तिकिटाच्या पाठीवर,
चार घड्या घालून.
कुणी बघत नाही असं पाहून उघडला.
घामाने घडी नेमकी नवव्या अक्षरावर विरली आहे.
शून्य आहे की ओ,
उजेडाकडे धरला तरी
कळेना.