गरम झाल्यावर

सकाळी इंजिन थंड असतं तेव्हा काटा चारवर.
"पाह्य ना भाऊ, कसा ताठ उभा हाये," झित्रू आत्राम म्हणतो.
मी म्हणतो, थांब.
करंजीपर्यंत जाऊन ये, रिकामाच.
परत आलास की बंद करू नको,
मला ऐकू दे.

अकराच्या सुमारास येतो.
मारेगावच्या फाट्यावर भादव्याचं ऊन,
शेडचे पत्रे तडतडताहेत,
आणि काटा
म्हाताऱ्या बैलासारखा आधी पुढचे गुडघे टेकतो,
मग बसतोच.
अर्ध्या किलोच्याही खाली.

नवे लायनर, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं,
क्रँक वणीच्या लेथवर घासून आणलेली.
एक लाख अठरा हजार,
त्यातले वीस त्याच्या साळ्याचे,
म्हणून साळाही रोज येऊन टायरावर बसतो
आणि काही बोलत नाही.

मीटर बदलून पाहिलं. मीटर खरं बोलत होतं.
फिल्टर. पंपाचे गिअर. जाळीच्या पाइपाचं पॅकिंग.
चेंबर सोडून एकेका बेअरिंगमध्ये
प्लॅस्टिगेजचा हिरवा दोरा ठेवून आवळलं, उघडलं:
दोरा पसरला होता तो हवा तेवढाच.
सगळे निर्दोष.
सगळे निर्दोष असतात तेव्हा
माझ्या मानेला घाम येतो.

आमच्या गावच्या नळाचं असंच आहे.
टाकी भरलेली, मोटर चालू,
पण मधेच कुणीतरी जमिनीखालून पाइप फोडलेला असतो
आणि टोकावरच्या घराचा नळ नुसता फुसफुसतो.
सातवं बेअरिंग म्हणजे ते टोकावरचं घर.
ओरडलं तर ऐकू येतं, पण तेव्हा
उशीर झालेला असतो.

निकेश हळूच म्हणाला,
"स्प्रिंगच्या मांगं एक वायसर टाकू, तेल जाडं भरू.
काटा खुश, मालक खुश."
खोटं नव्हतं. मी स्वतः केलंय हे,
दोनदा, हफीज उस्ताद गेल्यावर.
ते असते तर पाना फेकून मारला असता.
"काटा गाडी ओढत नाही रे," एवढंच म्हणायचे,
आणि पाना परत मागायचे.

मग निकेशने घरून कपाशीचा फवारणीपंप आणला.
धुतला, वाळवला, त्यात तेल ओतलं,
नोझल काढून नळी गॅलरीला जोडली.
तो वर दांडा हाणतोय,
मी खाली पाठीवर, टॉर्च दातात.
एकेका बेअरिंगमधून तेल झिरपू लागलं,
थेंब, थेंब, जसं झिरपावं तसं.
आणि पुढे, टायमिंगच्या कव्हरमागून
करंगळीएवढी धार,
आवाज न करता.

कव्हर काढलं.
ब्लॉकच्या तोंडावर हरभऱ्याएवढं भोक.
तिथे पितळेचा प्लग असतो.
ब्लॉक उकळायला पाठवताना मीच काढले होते, पाच.
चार बसवले.
पाचवा तंबाखूच्या डबीत सापडला,
दुसऱ्याच गाडीच्या बोल्टांत.
त्या वेळी मी काय करत होतो?
आठवत नाही.
आठवलं असतं तर बरं वाटलं असतं.

पॅकिंग खराब होतं, असं सांगता आलं असतं.
साळ्याने मान डोलावली असती.
मी प्लग झित्रूच्या हातावर ठेवला.
"माझी चूक."
त्याने तो तळव्यावर तोलला, उन्हात धरला.
"एवढुसाच?"
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग म्हणाला, "बसव. उद्या सिमेंट हाये आदिलाबादचं."
मजुरीचं मी काढलं नाही. त्यानेही नाही.

दुसऱ्यांदा करंजी. दुसऱ्यांदा बाराचं ऊन.
काटा उतरला, उतरला,
दोनच्या जरा खाली येऊन
थबकला.
तरी मी बॉनेटवर पालथा हात ठेवून उभा,
अजून कुठे काही राहिलंय का ऐकत.

संध्याकाळी निकेश पंप घेऊन निघाला.
म्हटलं, ठेव इथेच, तो आता पिकावर चालायचा नाही.
बापाला सांग, नवा देतो.
मग खडू घेतला
आणि पत्र्यावर, देवाच्या फोटोच्या खाली, लिहिलं:
प्लग पाच.
खडू ओल्या तेलावर नीट उमटला नाही.
पुन्हा लिहिलं.