पाच धन, पाच ऋण

मीटरभर चौकोनी कॉइल, लाकडी पायांवर उभी.
तिच्या मधोमध खानापूरच्या सबस्टेशनला जायचा रिले,
चौकटीत पाहुणा अडखळावा तसा.

बाहेर उद्यमबागेत फाउंड्रीचा भोंगा.
वाळू झाडल्याचा आवाज भिंतीतून आत येतो,
आमचा बाहेर जात नाही.
नुसता टक.
बोटाने टिचकी मारावी एवढा.

त्या टिचकीत हजारभर अँपिअर कॉइल फिरून गप्प होतात,
सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या वीसेक तुकड्यांत.
वीज शेजारी पडली असती तर काय झालं असतं,
तेवढंच आम्ही करतो.

पाच धन, पाच ऋण.
मग रिले कुशीवर. पुन्हा पाच, पुन्हा पाच.
मग पाठीवर.
तिन्ही अंगांनी विचारायचं: आहेस का?

सातव्याला आकडे विझले.
मी श्वास मोजले. चार.
आकडे परत आले, होते तिथूनच,
कुणी हाक मारली म्हणून दारापर्यंत जाऊन आल्यासारखे.

तक्त्यात लिहिलं: ब.
ब म्हणजे बिघडलं, खरं आपसूक सावरलं.
क म्हणजे कुणीतरी हात लावावा लागला.
ड चं पान आम्ही वेगळं ठेवतो.

आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या साहेबांना दरवेळी सांगावं लागतं.
'पास, खरं' असं वाचून ते फोन करतात:
मग खोटं काय होतं, हलगेकर?

जनरेटरपाशी ईरण्णा बसतात, चार्जिंगचा दिवा बघत.
आधी लाइनमन होते, जांबोटीकडे.
एकदा टॉवरवर वीज उतरली,
हे तीस पावलांवर, हातात पक्कड.
अंगावर ओरखडा नाही.
घड्याळ थांबलं होतं, तेही चावी दिल्यावर चाललं.

डबा उघडताना ते मला रोज विचारतात:
'ऊटा—'
आणि थांबतात.
डोळे उघडे, भाकरीचा तुकडा बोटांत.
मी मोजते. चार. कधी सहा.
'—केलासा न्हवं, बाई?'

वाक्य कन्नडमधून निघालं होतं,
मराठीत पोचलं.
मधे कुठल्या थांब्यावर गाडी बदलली
त्यांना ठाऊक नाही,
मीही विचारलेलं नाही.

त्यांच्या घरच्या शिवलीलाक्का एकदाच बोलल्या होत्या:
हात लावू नको पोरी. येतात. आपले आपण येतात.

रिलेवर चिठ्ठी डकवते, तारीख घालते.
ईरण्णांची सही कन्नडमध्ये, माझी तिच्या शेजारी,
दोघींच्याही शेपट्या रकान्याबाहेर.
शेऱ्यात लिहिते: पास.
पूर्णविरामाआधी पेन
कशाला कोण जाणे, अडतं.

मान वर करते तर ईरण्णा माझ्याकडे बघतायत,
ओठ किंचित हलतायत.
मोजत असावेत.