गाबोळी

फेब्रुवारीत कॉड भरलेला येतो.
क्लाक्सव्हीकच्या कारखान्यात आम्ही नऊजणी
पोट चिरतो, अंगठ्यानं सोडवून घेतो
तान्ह्या बाळाच्या पायजम्यासारखी
दोन पायांची गुलाबी गाबोळी,
आणि काट्यावर टाकतो.
एकेकीत लाखो अंडी.
मोजत कुणी नाही. किलोवर जातात.

माझी मोजली.
कोपनहेगनला, अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर.
डावीकडे दोन. उजवीकडे एक.
"आणि हे धरलं, तर चार,"
माझ्या धाकट्या बहिणीहून धाकटी डॉक्टर म्हणाली.
तिनं "धरलं" म्हटलं, तेव्हा मीही धरून ठेवलं,
खाटेची कड.

मग तिनं कागदावर रेघ काढली.
आमच्या डोंगरासारखीच होती :
गवताचा उतार, गवताचा उतार,
आणि मग एकदम समुद्र.
मी एक्केचाळीस.
तिनं जिथं पेन टेकवलं
तिथं आम्ही मेंढ्यासुद्धा सोडत नाही.

म्हणाली, अंडी नवी होत नाहीत.
तुम्ही आईच्या पोटात होता, तेव्हाच ती तुमच्यात होती.
म्हणजे ती माझ्याबरोबर शाळेत गेली,
धक्क्यामागं चोरून सिगारेट ओढली,
येग्वानच्या घरी आठ वर्षं राहिली.
तो दर ख्रिसमसला म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू.
त्यांनीही ऐकलं असेल.
ब्रांदूर भेटला तेव्हा मी अडतीस.
त्याला सांगावंसं वाटतं, तू उशिरा आलास.
सांगत नाही. तो बिचारा वेळेवरच आला होता,
त्याच्या वेळेवर.

रस्ते तीन, ती म्हणाली.
स्वतःची अंडी : दहातला एक डाव, फारतर.
दुसऱ्या कुणा तरुण बाईचं अंडं :
त्यात बरीच जास्त आशा,
आणि वाढेल ते तुमच्याच पोटात.
तिसरा रस्ता तिनं सांगितला नाही,
पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होता.
थांबणं.

शेवटची सुई रात्री साडेदहाला.
ब्रांदूरनं टोचली. मेंढ्यांना टोचायचा हात,
पण थरथरला.
आता छत्तीस तास. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.
सकाळी व्हागारच्या विमानतळावर धुकं,
धावपट्टी नाही, कुंपण नाही,
काचेपलीकडं नुसतं दूध.
ब्रांदूर म्हणाला, जहाज?
जहाजाला तेवढेच तास लागतात,
आणि पुढं अख्खं डेन्मार्क उरतं.
मग आम्ही बसलो.
तो हॉट डॉग आणायचा, मी नको म्हणायची, तोच खायचा.
असे चार.
आयुष्यभर धुक्यावर कुणी चिडत नाही आमच्याकडं.
मी चिडले. मोठ्यानं. काउंटरवरच्या मुलीवर.
ती म्हणाली, माझ्या मावशीचंही असंच झालं होतं.
मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

चोविसाव्या तासाला धुकं उठलं.

आज पुन्हा कारखाना.
दान्यल, आमचा मुकादम, काट्याजवळ येऊन सांगतो
(त्याला माहीत नाही, किंवा माहीत आहे),
की कॉडचं उलटं असतं :
मादी जितकी जुनी, तितकी अंडी जास्त,
आणि पिल्लं दणकट.
म्हाताऱ्या माद्या जाळ्यात आल्या तर
त्याच्या बापाच्या जिवावर यायचं.
मी मान हलवते.
माझ्यापुढची मादी चांगली हातभर आहे.
सुरी लावत नाही लगेच.

एप्रनमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, फोन वाजतो.
पिशवीवरूनच बटण दाबते, कानाला लावते,
खवले गालाला चिकटतात.
प्रयोगशाळेतली बाई नाव विचारते, जन्मतारीख विचारते.
जन्मतारीख सांगताना आवाज बसतो.
मग ती म्हणते : तीन काढली होती. दोन फळली.
एक वाढतंय.

काट्यावर कुणाची तरी गाबोळी आहे,
चार किलो दोनशे.
मी दोन्ही आकडे
मोठ्यानं म्हणते,
आणि दान्यल वहीत
फक्त एकच लिहितो.