दलदलीतला अनुवाद

जैतुनाची सावली त्याने कधी पाहिली नव्हती,
म्हणून पाद्री ऑब्री थ्रॉसेलने
तिथे लिंकनशायरचा विलो लावला.
सुरईतली द्राक्षं ओतून टाकली, सायडर भरला.
रोमचा उन्हाळा लिहिताना
पाय शेगडीला टेकलेले.

यमकं जुळत गेली, गोगलगायीच्या चालीने का होईना.
अडलं ते एका शब्दापाशी.
गेलेल्या माणसाची ओढ:
लॅटिनमध्ये अक्षरं पाच,
इंग्रजी ओळीत जागा दोनांची.
'खंत' खोडलं. 'उणीव' खोडलं.

खाली स्वयंपाकघरात डॉरकस,
ईल धरणाऱ्याची विधवा,
दोन ताटल्या मांडते,
थबकते,
एक परत फळीवर ठेवते.

तो आवाज त्याला रोजच येतो.
आज त्याने टाक पुसला
आणि ओळ तशीच
लंगडी राहू दिली.