चोथा

तीन दिवस झाले,
ऐरोलीत खाडीकडच्या रस्त्यावर
दगडू गोल गोल फिरतो,
पाठीची कमान करतो,
आणि ओशाळून ह्यांच्याकडे बघतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात चोथाच नाही.
लाल भोपळा द्या उकडून, अळणी,
दोन चमचे. पाणी भरपूर.

चाळीस वर्षं भोपळा
ताटाच्या कडेला सारणारे आमचे हे
सकाळी सातला भाजीवालीकडे
फोड दाबून बघत होते:
'पांढुरकी नको, गराची दे.'

काल करंजाखाली
दगडू बसला. उठला.
मागच्या पायांनी माती उडवली.
हे पिशवी उलटी हातात घालताना
एवढे हसले
की वॉचमन धावत आला.

वाटीभर भोपळा उरला होता.
मी काही बोलले नाही,
फोडणीत मेथ्या टाकल्या.